संकोचाची तेवीस पानं

सोमवार, ४

सव्वीस वर्षं वॉर्डात प्रत्येक पाळी संपताना रिपोर्ट लिहिला. कोणाचा ताप उतरला, कोणाची पट्टी बदलली, कोण जेवायला नाही म्हणालं. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मला वरच्या मजल्यावर बसवलं. इथे रिपोर्ट कोणी मागत नाही, पण हात शिवशिवतो. म्हणून ही वही.

खोली म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि खिडकीबाहेर जनरेटर. काम म्हणजे इस्पितळाची आरोग्य-माहितीची वेबसाइट. मी पानं लिहिते, मोठ्या बाई तपासून सही करतात आणि मग ती वेबसाइटवर चढतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण सगळं इस्पितळ त्यांना मोठ्या बाईच म्हणतं आणि ते बरोबरच आहे. आतापर्यंत एकसष्ट पानं झाली. मी खुशीत होते.

आज खुशी उतरली. खाली पाच नंबरच्या खाटेवर एक शिक्षिका आहे. दाढदुखीसाठी महिनाभर वेदनाशामक गोळ्या खात होती, त्याही उपाशीपोटी. पोटात व्रण झाला, आतल्या आत रक्त जायला लागलं आणि शी काळी व्हायला लागली, डांबरासारखी. सांगणार कोणाला? लाज वाटली. मोबाइलवर शोधलं तर कुठल्याशा साइटवर सापडलं की ही पोटातली उष्णता, रोज थंड दूध प्या. दहा दिवस इमानेइतबारे थंड दूध प्यायली आणि अकराव्या दिवशी फळ्यासमोर कोसळली. पाच पिशव्या रक्त लागलं. वाचली, नशीब तिचं.

मी म्हटलं, "अहो, आमच्या वेबसाइटवर हेच तर लिहिलंय! काळी शी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी या."

"कुठे लिहिलंय?" ती म्हणाली. "मी तर किती शोधलं."

वर येऊन तिचेच शब्द टाकून पाहिले. पहिल्या पानावर आम्ही नाही. दुसऱ्यावर नाही. दहाव्यापर्यंत गेले. ते थंड दुधवाले मात्र पहिल्या नंबरवर ऐटीत बसलेत.

माझं पान जगात कोणालाच दिसत नाही. मग लिहिलं कोणासाठी? कपाटासाठी?

मंगळवार, ५

वेबवालीला बोलावलं. आमची वेबसाइट तिनेच बांधली. सातवा महिना आहे, खुर्चीत बसायचं तर आधी खुर्ची मागे ओढावी लागते. तिला आधी पाणी दिलं, पायाखाली खोका सरकवला आणि मग भांडायला सुरुवात केली.

तिने शांतपणे समजावलं. सर्च इंजिनचं एक यंत्र असतं. ते रात्रंदिवस वेबसाइटी वाचत फिरतं. एका पानावर आलं की त्यावरच्या लिंका बघतं, त्या लिंकांवरून पुढच्या पानांवर जातं, तिथून आणखी पुढे. जे वाचतं ते आपल्या दफ्तरात नोंदवून ठेवतं. लोक शोधतात तेव्हा यंत्र सगळं जग धुंडाळत नाही, ते दफ्तर चाळतं. दफ्तरात नाही ते पान शोधात नाही.

"मग माझं पान दफ्तरात का नाही?"

"ताई, त्या पानाकडे जाणारी एक तरी लिंक आहे का आपल्या साइटवर?"

नाही. आणि ती का नाही हे मला चांगलंच ठाऊक आहे. साइट नवी केली तेव्हा मोठ्या बाईंनी फर्मान काढलं होतं की पहिल्या पानावर हृदय, डोळे, लसीकरण, बाळाचं वजन असलं सभ्य काहीतरी हवं. शी, शू, मूळव्याध, जांघेतली खाज, तोंडाचा वास असली तेवीस पानं कुठेही जोडायची नाहीत. ज्याला हवी तो शोधून येईल, असं त्या म्हणाल्या होत्या.

शोधून कसा येईल? पान बांधलं, रस्ता बांधलाच नाही. आणि लोक सगळ्यात जास्त शोधतात ते नेमकं हेच, जे तोंडाने विचारता येत नाही.

त्या तेवीस पानांना मी आज नाव दिलं: संकोचाची पानं.

बुधवार, ६

मोठ्या बाईंशी वाजलं. मी म्हटलं, पहिल्या पानावर लिंका द्या. त्या म्हणाल्या, "देणगीदार बघतात, मंत्री बघतात, शाळेतली मुलं बघतात. आलेल्या माणसाला दारातच शी-शू दाखवायची?" मी म्हटलं, "पाच नंबरच्या खाटेवरच्या बाईंना विचारा." त्या म्हणाल्या, "सिस्टर, आवाज खाली." आवाज खाली घेतला, पण खोलीबाहेर पडले नाही. माझा हा एक गुण आहे, नवरा त्याला वेगळं नाव देतो.

तोडगा वेबवालीने फोनवर काढला. साइटमॅप. म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक यादी, प्रत्येक पत्त्यापुढे ते पान शेवटचं कधी बदललं ती तारीख. ही यादी माणसांसाठी नसते. ती साइटच्या एका कोपऱ्यात असते आणि सर्च इंजिनला सांगायचं की यादी इथे आहे. लिंक असो नसो, यंत्राला पत्ता मिळतो.

"म्हणजे येणाऱ्या माणसाला पहिल्या पानावर काही दिसणार नाही?" मोठ्या बाईंनी तीनदा विचारलं.

"काहीही दिसणार नाही."

"मग खुशाल करा."

वेबवालीने एवढं मात्र बजावलं की यादी दिली म्हणजे यंत्राने पान घेतलंच पाहिजे असं नाही, आणि घेतलं तरी वर दाखवेलच असंही नाही. कळेल एवढंच. मी म्हटलं, कळू दे आधी.

घरी येऊन नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. त्याचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पानं, अनुक्रम असलं काही निघालं की एरवी तो मधे मधे बोलतो. आज गप्प ऐकलं. शिक्षिकेची गोष्ट दोनदा सांगायला लावली. किती दिवस काळी होत होती, तेही विचारलं. माझ्या कामात एवढा रस त्याने पहिल्यांदाच घेतला.

शुक्रवार, ८

यादी हाताने केली. वेबवाली म्हणाली होती, यंत्रच करून देईल. पण मला प्रत्येक पान उघडून बघायचं होतं. नऊ पत्ते चुकीचे निघाले. दोन पानं तर एकच होती, वेगवेगळ्या पत्त्यांवर.

एक लबाडी करत होते. सगळ्या एकसष्ट पानांपुढे आजची तारीख टाकली. म्हटलं, ताजं ताजं दिसेल, यंत्र धावत येईल. वेबवालीने पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "ताई, असं करायचं नाही. यंत्र येऊन बघतं, काहीच बदललेलं नसतं. दोनदा तीनदा असं झालं की आपल्या तारखांवर विश्वासच ठेवत नाही."

म्हणजे थर्मामीटर न लावता तक्त्यावर ताप लिहिण्यासारखं. नव्या पोरींना मी त्याबद्दल रडेपर्यंत बोलले आहे. मुकाट्याने खऱ्या तारखा टाकल्या.

घरी एक चमत्कार. नवऱ्याने संडास घासला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा माणूस ब्रश कुठल्या टोकाने धरायचा ते विचारेल अशी माझी खात्री होती. मी काही बोलले नाही, दृष्ट लागायची.

सोमवार, ११

यादी दिली! सर्च इंजिन वेबसाइटवाल्यांसाठी एक खातं उघडून देतं, तिथे यादीचा पत्ता टाकायचा. दुपारी हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: यादी वाचली, साठ पत्ते सापडले. (एकसष्ट होते, जुळं पान काढलं.) मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. जनरेटर सोडून साक्षीला कोणी नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याने विचारलं, "सिस्टर, तुझ्या त्या खात्यात कोण काय शोधतं ते दिसतं का?" तो मला लग्नाआधीपासून सिस्टर म्हणतो.

"शब्द दिसतात."

"आणि नाव?"

"नाव नाही, गाव नाही, काही नाही. आणि अगदी एखाददुसऱ्यानेच विचारलेलं असेल तर शब्दही दाखवत नाहीत. का?"

"सहज. छापखान्यातला एक जण विचारत होता."

मग मी त्याला अर्धा तास खातं, आलेख, आकडे सगळं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. चहा तसाच राहिला. हल्ली त्याचा चहा सुटत चाललाय, त्याऐवजी फ्रिजमधून थंड दूध काढून पितो. वजन उतरवायचं असेल. उतरलंयही, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय.

शुक्रवार, १५

अडतीस आत, बावीस बाहेर!

खात्यात दिसतं की कुठलं पान दफ्तरात गेलं. हृदय गेलं, डोळे गेले, बाळाचं वजन गेलं. बाहेर राहिली ती बावीस म्हणजे नेमकी संकोचाची. (तेविसातलं एक जुळं होतं, ते गेलं. तरी मी तेवीसच म्हणते, सवय झाली.) एकही सुटलं नाही, झाडून सगळी बाहेर.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मोठ्या बाईंनीच वरून काहीतरी केलं. सरळ त्यांच्या खोलीत गेले आणि विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, मला अजून माझा स्वतःचा फोटो मोबाइलवरून पाठवता येत नाही." हे खरं आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याचा फोटोही मीच पाठवून दिला होता.

परत वर आले. यंत्रालाही लाज वाटते की काय?

शनिवार, १६

हे लिहायला नको वाटतंय, पण रिपोर्टात स्वतःची चूक लपवायची नसते.

वेबवालीने घरूनच बघितलं आणि दहा मिनिटांत कारण सांगितलं. त्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला दिसत नाही अशा जागी एक ओळ आहे: हे पान शोधात दाखवू नये. म्हणजे यादीत आम्ही यंत्राला म्हणतो, या या, आणि ते आलं की दारावर पाटी, आत येऊ नये. यंत्र बिचारं पाटीचं ऐकतं.

"ही पाटी लावली कोणी?" मी तावातावाने विचारलं.

ती म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगितलं होतंत."

तिच्याकडे माझा निरोप आहे. अकरा आठवड्यांपूर्वीचा. 'या तेवीस पानांवर डॉक्टरांची सही व्हायची आहे. सही होईपर्यंत बाहेर दिसू देऊ नकोस.' माझेच शब्द. सही नसताना गोळी द्यायची नाही, ही वॉर्डातली सवय. सवय चांगलीच आहे. पण सह्या त्याच आठवड्यात झाल्या. मोठ्या बाईंनी तेवीसच्या तेवीस कागदांवर केल्या, मी ते कागद नीट फाइलला लावले, फाइल कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. आणि वेबवालीला सांगायचं राहिलं. वॉर्डात सही झाली की काम पुढे सरकतं, औषध आपोआप वर येतं. इथेही तसंच होत असेल असं मी गृहीत धरलं.

आपोआप काही होत नाही. अकरा आठवडे. शिक्षिका शोधत होती ते दहा दिवस त्या अकरा आठवड्यांतलेच.

मी दहा दिवस मोठ्या बाईंवर दात खात होते.

त्यांना जाऊन सांगितलं. वाटलं, आता पूजा बांधतील. त्यांनी फाइल मागितली, सह्यांच्या तारखा बघितल्या, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "पाटी काढली का?"

"आत्ताच काढली."

"मग जा. त्या गुडघ्यांवर एवढा वेळ उभी राहू नकोस."

त्यांच्या खोलीत नाही रडले. जिन्यात रडले.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे ते पान आता दिसेल?" मी म्हटलं, यंत्र पुन्हा येऊन वाचेल तेव्हा. "कधी येईल?" दोन दिवस, दोन आठवडे, कोणी सांगावं. तो म्हणाला, "लवकर आलं तर बरं." मला इतकं बरं वाटलं! चूक माझी, पण काळजी दोघांना.

सोमवार, १८

खात्यात एक सोय आहे. एखाद्या पानासाठी यंत्राला खास बोलावता येतं, दिवसाला थोड्याच पानांसाठी. सगळ्यात आधी काळ्या शीचं पान दिलं. मग मूळव्याध, मग लघवीतून रक्त. ज्याला आधी धोका त्याला आधी, हे तातडीच्या विभागात बारा वर्षं केलंय. तोंडाचा वास थांबेल.

दुपारी त्या पानावर तीन नवी वाक्यंही घातली, शिक्षिकेला विचारून. 'उष्णता' आणि 'थंड दूध' हे शब्द मुद्दाम लिहिले. लोक तेच टाकून शोधतात तर त्यांना आमच्याकडेच येऊ दे. पाठदुखी, दाढदुखी, गुडघेदुखी यांच्या गोळ्यांचाही उल्लेख केला. मग यादीत तारीख बदलली. आजची आणि खरी.

शिक्षिका आज घरी गेली. जाताना म्हणाली, वर्गात पोरं 'बाई, शू' म्हणून बिनधास्त हात वर करतात, आपणच मोठे होऊन बिघडतो.

नवऱ्याला दुकानाच्या चार दगडी पायऱ्या चढताना दम लागतो म्हणे. मालाच्या पोऱ्यासारखा कागद वाहतो अजून, वय काय, पाठ काय! चेहरा नुसता कागदासारखा झालाय. मी म्हटलं, जरा उन्हात जात जा, दिवसभर त्या अंधाऱ्या दुकानात बसतोस. पाठ कशी आहे विचारलं तर म्हणाला, गोळ्यांनी बरी आहे. उपाशीपोटी घेऊ नकोस हे मी दरवेळी सांगते, तो दरवेळी हो म्हणतो. एवढ्यावर आमचं वैद्यकीय संभाषण संपतं.

गुरुवार, २१

आलं!

सकाळी खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी कॉम्प्युटर लावला. खात्यात त्या पानापुढे हिरवी खूण. लगेच शिक्षिकेचे शब्द टाकले. पहिल्या पानावर सहावे आम्ही! थंड दुधवाले अजून वर आहेत, पण आम्ही त्यांच्या पाठीमागे उभे आहोत आणि आमच्या नावापुढे इस्पितळ लिहिलंय. 'काळी शी: थांबू नका, आजच या.'

मी वेबवालीला फोन केला, तिने आनंदाने ओरडून पोटातल्याला दचकवलं. मोठ्या बाईंना खाली जाऊन सांगितलं, गुडघ्यांची पर्वा न करता. त्या पेशंट तपासत होत्या. मान हलवली, पण तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी पाहिलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा नुसतं "अरे वा" म्हणाला. दमला होता, लवकर आडवा झाला.

आज मी खरंच सुखी आहे. इतकं साधं काम, पत्त्यांची एक यादी. तरी वाटतंय की बंद पडलेलं सलाइन पुन्हा थेंब थेंब सुरू झालं.

शुक्रवार, २२

तो खाली तातडीच्या विभागात आहे. माझा नवरा. पुढे लिहवत नाही.

शनिवार, २३

वाचला. धोका टळला. आधी हे लिहायला हवं होतं.

काल सव्वाअकराला खालून फोन आला. "सिस्टर, तुमच्या घरचे आलेत." मला वाटलं, डबा विसरले म्हणून आणलाय. खाली गेले तर हा खाटेवर, अंगात आमचाच निळा गाउन, हातात सुई. स्वतः रिक्षा करून आला होता. खिडकीवर नोंद करताना 'तक्रार' या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: काळी शी, वीस दिवस.

वीस दिवस!

हिमोग्लोबिन सात पॉइंट एक. दोन पिशव्या रक्त चढवलं. दुर्बिणीतून पोटात बघितलं, व्रण होता, तिथेच चिमटे लावून रक्त थांबवलं. मोठ्या बाई स्वतः उभ्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "चार दिवस उशीर झाला असता तर मी तुझ्याशी हे असं बोलत नसते." मग माझा हात धरून बाकावर बसल्या. त्या बसल्या की अगदीच लहान दिसतात.

आज दुपारी तो शुद्धीत बोलायला लागला. पाठीसाठी दिवसाला तीन तीन गोळ्या, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये डबाच होता. शी काळी झाली तेव्हा मोबाइलवर शोधलं, थंड दूध सापडलं. मग मी शिक्षिकेची गोष्ट सांगितली आणि त्याला कळलं, हे तेच.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? घरात नर्स आहे!"

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला. "तू बघितलं असतंस ना माझ्याकडे. पेशंटकडे बघतेस तसं."



"वाटलं, गोळ्या बंद केल्या की थांबेल. बंद केल्या तर पाठ उठू देईना, मग पुन्हा घेतल्या. काल दुकानात उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा शोधलं. या वेळी तुमचं पान आलं. तू म्हणाली होतीस ना, नाव दिसत नाही. म्हणून उघडलं. वाचायला लागलो आणि कळलं, हे तूच लिहिलंयस."

"कशावरून? नाव कुठे आहे माझं?"

"'एक दिवस थांबून बघू, असं म्हणू नका. म्हणणार आहात, मला माहीत आहे. म्हणू नका.' असं इस्पितळ बोलतं का कुठे? हा ओरडा मी चोवीस वर्षं खातोय." तो हसला, मग पोटाला हात लावून थांबला. "पण पानात तू ओरडत होतीस तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस. म्हणून शेवटपर्यंत वाचता आलं. वाचलं आणि दुकानाला कुलूप लावून निघालो."

मग मला एकदमच सगळं आठवलं. थंड दूध, पट्ट्याचं भोक, पायऱ्या, घासलेला संडास. माझ्या नाकासमोर. साठ पानं लिहिली मी, लक्षणं ठळक अक्षरांत. दुसरी कोणी नर्स अशी चुकली असती तर मी तिला वॉर्डातून हाकललं असतं. स्वतःला कुठे हाकलू?

ते सांगितलं त्याला. तो म्हणाला, "मी लपवत होतो गं. चांगला लपवत होतो. संडास घासताना तर मलाच माझा अभिमान वाटला."

मग आम्ही दोघं इतके हसलो की वॉर्डातली नर्स येऊन म्हणाली, सिस्टर, टाके नसले तरी चिमटे आहेत.

बुधवार, २७

काल त्याला घरी आणलं. गोळ्यांचा डबा मी जप्त केला. पाठीसाठी वेगळं औषध आणि व्यायाम दिलाय, व्यायामाला त्याची कुरकुर सुरू झाली आहे. कुरकुर ऐकून इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

आज कामावर आले. मोठ्या बाई माझ्या खोलीत आल्या. एवढ्या दिवसांत त्या इथे कधी आल्या नव्हत्या. जनरेटरकडे बघून नाक मुरडलं, उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ती पानं पहिल्या पानावर घाल. सगळी. सगळ्यात वर काळी शी."

"आणि मंत्री आले तर?"

"मंत्र्यांनाही पोट असतं."

मी म्हटलं, साइटमॅप तर आहेच, यंत्राला पत्ता मिळतो. त्या म्हणाल्या, "यंत्राला मिळतो. जो सरळ दारातून येतो त्यालाही मिळू दे. आणि पुन्हा मी सही केली की कागद कपाटात जायच्या आधी त्या पोरीला फोन जाऊ दे." हे शेवटचं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. वेबवालीला निरोप पाठवला. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी करून देते म्हणाली.

मग मी खातं उघडून दाखवलं. आकडे दोनतीन दिवस उशिरा येतात, शुक्रवारचे आज दिसले. काळी शी हे पान शुक्रवारी शोधात नऊ वेळा दिसलं. उघडलं एकदाच. आलेखात एवढंसं टिंब.

मोठ्या बाईंनी चष्मा वर करून टिंबाकडे निरखून पाहिलं. "शुक्रवारी एकच माणूस आला म्हणायचा."

"हो," मी म्हटलं. "घरी आहे. झोपलाय आत्ता."